शरदातील मासेमारी : तलावातून किती काढावे, किती राखावे?



पावसाळा सरला, की आपल्या भागातील पाझर तलाव, गावतलाव आणि शेततळी तुडुंब दिसतात. जून-जुलैत सोडलेली बोटुकली आश्विनापर्यंत हाताच्या पंजाएवढी झालेली असते. श्रावण, गणपती आणि नवरात्र या काळात मासळीला मागणी कमी असते. दसरा उलटला, की गिऱ्हाईक विचारू लागते, आणि दिवाळीसाठी हातात पैसाही हवा असतो. त्यामुळे अनेक ठिकाणी कोजागरीच्या सुमारास पहिले जाळे पडते आणि लहान-मोठी सगळी मासळी एकदमच निघते. वर्षाच्या नफ्या-तोट्याचा निकाल बहुतेक वेळा याच पंधरा दिवसांत लागतो. म्हणून शरद ऋतूत पाण्यात काय घडते, कोणती मासळी काढावी, कोणती राखावी आणि मर्यादा कशी ठरवावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

आपले पाणी आणि खाडीचे पाणी

राजूर आणि भोकरदन तालुक्याचे पाणी केळणा, जुई, गिरजा या नद्यांच्या वाटेने पूर्णा नदीत जाते. पूर्णेवर पुढे खडकपूर्णा (संत चोखासागर), येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत. त्यानंतर पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपल्या शिवारात पडलेला पाऊस शेवटी खाडीतच पोहोचतो. खाडीतील मासेमारीचा आणि आपल्या तलावाचा काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु शरदातील मासेमारीला मर्यादा का हवी, हे खाडीच्या उदाहरणावरून चांगले समजते.

समुद्रातील पाला (हिलसा) हा मासा अंडी घालण्यासाठी पावसाळ्यात आणि शरदात नदीच्या गोड्या पाण्यात चढतो. गोदावरीच्या मुखाकडे जुलै ते सप्टेंबर या काळात मिळणाऱ्या अशा माशाला 'पुलसा' म्हणतात आणि त्याला मोठा भाव येतो. १८५२ मध्ये गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा पूर्ण झाला आणि या माशाची वर चढण्याची वाट अडली. नदीवरील अडथळा आणि अंडीवाल्या माशांची पकड या दोन्ही गोष्टी माशांच्या पुढच्या पिढीवर आघात करतात.

बांगलादेशात याच माशासाठी आश्विन पौर्णिमेच्या, म्हणजे आपल्या कोजागरीच्या, सुमारास २२ दिवस मासेमारी पूर्ण बंद ठेवली जाते. २५ सें.मी. पेक्षा लहान पाला नोव्हेंबर ते जून या काळात धरण्यास बंदी असते. बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना शासनाकडून तांदूळ दिला जातो. २००२-०३ मध्ये तेथील पाल्याचे उत्पादन सुमारे २ लाख टन होते, ते २०१७-१८ पर्यंत ५ लाख टनांवर गेले. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मर्यादा पाळली तर मासळी वाढते, आणि मर्यादा पाळणाऱ्याच्या घरची चूल पेटती राहील अशी सोय केली तरच ती पाळली जाते.

आपल्या कोकणातील खाड्यांत पावसाळ्यात पाणी गोडे होते आणि आश्विनापासून भरतीचे खारे पाणी पुन्हा आत सरकू लागते. या काळात कोळंबी, बोय, जिताडा यांची लहान पिल्ले कांदळवनाच्या आश्रयाने वाढत असतात. जिताडा मासा आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणून नुसती लहान पिल्ले सोडून भागत नाही, काही मोठे मासेही राखावे लागतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये राज्य शासनाने समुद्री माशांच्या ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले.

तलावातील मर्यादा वेगळी का?

खाडीतील बहुतेक मासळी स्वतः पैदास करते. आपल्या तलावात सोडलेले कटला, रोहू आणि मृगळ यांचे तसे नाही. हे मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते वयात आले तरी सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात (आताचे ओडिशा) पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळेच आज आपल्याला केंद्रावर खात्रीचे मत्स्यबीज मिळते. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

म्हणून तलावातील मर्यादांचे दोन भाग करावेत.

१) सोडलेल्या माशांची मर्यादा ही वाढीसाठी असते. पूर्ण वाढ होण्याआधी मासा काढला तर बियाण्याचा, खाद्याचा आणि पाण्याचा खर्च वाया जातो.

२) मरळ, शिंगट, वाम आणि इतर गावरान माशांची मर्यादा ही पैदाशीसाठी असते. हे मासे आपल्याच नदी-नाल्यांत वाढतात. ते एकदा संपले तर कोणत्याही केंद्रावरून सहज आणता येत नाहीत.

घाईने काढल्यास किती नुकसान?

एक साधा हिशेब करून पाहा. समजा, १० हेक्टर पाणपसाऱ्याच्या तलावात २०,००० बोटुकली सोडली आणि त्यापैकी ४० टक्के, म्हणजे ८,००० मासे जगले. आश्विनात माशाचे सरासरी वजन २५० ग्रॅम असेल, तर सर्व मासे काढल्यास २,००० किलो मासळी मिळेल. तेच मासे फेब्रुवारीअखेर ठेवले आणि मधल्या काळात १० टक्के मरतूक झाली असे धरले, तरी ७,२०० मासे उरतील. सरासरी वजन ५०० ग्रॅम झाले तर ३,६०० किलो मासळी मिळेल. म्हणजे बी न वाढवता उत्पादन पाऊणपटीहून अधिक वाढले. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भावही अधिक मिळतो.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या तलावाचे आकडे आपण स्वतः काढावेत. त्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा फेकजाळ्याने २० ते २५ मासे धरावेत, एकत्र वजन करून सरासरी काढावी आणि मासे ओल्या हातांनी लगेच पाण्यात सोडावेत.

पाणी किती दिवस टिकेल, हे आधी ठरवा

जालना जिल्ह्यात पाऊस सरासरी ६५० ते ७०० मि.मी. पडतो, पण तो दरवर्षी सारखा पडत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्याने पाण्याची किती टंचाई सोसली, हे आपण जाणताच. म्हणून मासे राखण्याचा निर्णय पाण्याचा अंदाज घेऊनच करावा. आश्विनात तलावाच्या काठाशी खुणेचा दगड किंवा मोजपट्टी रोवून दर आठवड्याला पातळी नोंदवावी. उपसा आणि बाष्पीभवन मिळून आठवड्याला किती बोटे पाणी उतरते, यावरून पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल हे कळते.

(अ) पाणी जानेवारीपर्यंतच टिकणार असेल : येथे मासे राखण्यात अर्थ नाही. कार्तिकापासून मोठे मासे निवडून काढण्यास आरंभ करावा आणि पाणी एक तृतीयांश उरण्यापूर्वी बहुतेक मासळी काढून घ्यावी. उथळ पाण्यात दिवसा उष्णता वाढते, रात्री प्राणवायू कमी पडतो आणि सारेच मासे एका रात्रीत मरण्याची भीती असते.

(ब) पाणी मार्च-एप्रिलपर्यंत टिकणार असेल : दिवाळीला एकूण माशांच्या चौथाईहून अधिक काढू नयेत, तेही फक्त मोठे. कटला सर्वांत लवकर वाढतो, त्यामुळे पहिली विरळणी त्याची करावी. त्यामुळे उरलेल्यांना जागा आणि खाद्य मिळते. मुख्य काढणी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करावी.

(क) पाणी बारमाही असेल : दानापूर येथील जुई, शेलूद येथील धामणा यांसारख्या मोठ्या जलाशयांत सर्व मासे एकदम काढणे शक्यही नसते आणि योग्यही नसते. येथे जाळ्याची आस, जाळ्यांची संख्या आणि मासेमारीचे दिवस ठरवून वर्षभर थोडी थोडी काढणी करावी. मासेमारी सहकारी संस्थेने हे नियम आपल्या सभेत ठरवून भिंतीवर लिहून ठेवावेत. ठेक्याच्या करारातील अटी आणि पावसाळ्यातील बंदीचे दिवस सर्वांना वाचून दाखवावेत.

जाळ्याची आस कशी निवडावी?

मासा किती मोठा धरायचा, हे जाळ्याच्या आसेवरून, म्हणजे भोकाच्या आकारावरून ठरते. अडकवणाऱ्या तरत्या जाळ्यात मासा डोके घालतो, डोके जाते पण धड जात नाही आणि तो कल्ल्यापाशी अडकतो. म्हणून भोकाचा घेर आणि माशाचा घेर यांचा मेळ बसवावा लागतो.

आपल्याला ज्या वजनाचा मासा हवा त्या वजनाचे दहा मासे घ्यावेत. प्रत्येकाच्या शरीराचा सर्वांत जाड भाग सुतळीने मोजावा. समजा, हा घेर सरासरी २४ सें.मी. आला. त्याचा चौथा भाग ६ सें.मी. होतो. जाळ्याची आस, एका गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंत मोजली असता, याहून थोडी लहान म्हणजे ५ सें.मी. असावी. अशा भोकाचा एकूण घेर २० सें.मी. होतो. ज्या माशाचा घेर २० सें.मी. पेक्षा कमी आहे, तो आरपार निघून जातो आणि पुढच्या काढणीसाठी उरतो. जाळे विकत घेताना दुकानदार आस गाठ ते गाठ सांगतो की ताणलेल्या भोकाची लांबी सांगतो, हे विचारून घ्यावे. ताणलेली लांबी दुप्पट असते, आणि येथे गफलत झाल्यास सगळा हिशेब चुकतो.

बारीक भोकांची ओढजाळी आणि मच्छरदाणीच्या कापडाची जाळी मोठ्या तलावात वापरू नयेत. त्यांत बोटुकलीसुद्धा सुटत नाही.

जाळ्याची डायरी ठेवा

मर्यादा ओलांडली जात आहे का, हे समजण्यासाठी एक साधी वही पुरते. तारीख, किती जाळी लावली, किती किलो मासळी मिळाली आणि मोठ्यात मोठ्या व लहानात लहान माशाचे वजन, एवढे लिहावे. १० जाळ्यांत रात्रीतून ३० किलो मासळी मिळाली तर जाळ्यामागे ३ किलो झाले. काही आठवड्यांनी तेवढ्याच जाळ्यांत १५ किलो मिळू लागली, तर जाळ्यामागे दीड किलोच पडले. अशा वेळी जाळी वाढवू नयेत. तीन-चार आठवडे तलावाला विश्रांती द्यावी. जाळी वाढवल्याने उत्पन्न थोडे दिवस टिकल्यासारखे वाटते, पण मागे राहिलेला साठा भराभर संपतो.

शरदातील पाण्याची काळजी

१. प्राणवायू : ऑक्टोबरच्या उन्हात पाणी तापते आणि पावसाने वाहून आलेल्या खताने शेवाळ वाढते. दिवसा ते प्राणवायू देते, पण रात्री स्वतःच वापरते. दोन-तीन दिवस आभाळ आल्यास पहाटे प्राणवायू फारच घटतो. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसल्यास शेण व खाद्य त्वरित बंद करावे, पंपाने पाणी उंचावरून परत तळ्यातच फवाऱ्यासारखे सोडावे आणि शक्य असल्यास ताजे पाणी घालावे. अशा पहाटे जाळे ओढू नये.

२. पाण्याचा रंग : हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. तळवा अंधूक दिसत असेल तर पाणी ठीक समजावे. कोपराच्या आतच हात दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवे किंवा गढूळ आहे. तळव्यावरील रेषाही स्पष्ट दिसत असतील तर नैसर्गिक खाद्य कमी आहे.

३. कीटकनाशके : आपल्या भागात कपाशी, मका व मिरचीवर याच काळात फवारण्या होतात. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे माशांना अत्यंत विषारी असतात. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये, रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नयेत आणि शेतातील पहिले वाहते पाणी तळ्यात येऊ देऊ नये.

४. थंडी : मार्गशीर्ष-पौषात पाणी गार होते आणि मासा कमी खातो. या काळात खाद्य निम्म्यावर आणावे. उरलेले खाद्य कुजून पाणी खराब करते.

शेततळ्यासाठी काही सूचना

जालना तालुक्यातील कडवंची गावाने शेततळ्यांच्या आधारे द्राक्षबागा उभ्या केल्या, हे आपण पाहिले आहे. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतूनही अनेक ठिकाणी तळी झाली. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याचे क्षेत्र ९०० चौ. मीटर होते. हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली या प्रमाणाने त्यात ४५० ते ९०० बोटुकली बसते. तळ्याच्या बाजू उतरत्या असल्याने पाणी कमी होताच जागा झपाट्याने घटते, म्हणून खालची संख्या धरणे हिताचे आहे. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात चिखल नसतो, त्यामुळे तळाशी चरणाऱ्या मृगळाचे प्रमाण कमी ठेवावे.

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सम प्रमाणात भिजवून माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के रोज द्यावा. ५०० मासे सरासरी २०० ग्रॅमचे असतील तर एकूण वजन १०० किलो होते, म्हणून खाद्य २ ते ३ किलो द्यावे. बागेला पाणी देताना तळे पूर्ण उपसू नये. माशांसाठी किमान दीड मीटर पाणी राखावे. अस्तराच्या बाजू निसरड्या असतात आणि त्यात माणसे बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून तळ्याला कुंपण करावे, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडावेत आणि एकट्याने जाळे ओढण्यास उतरू नये.

हे करू नये

पहिल्या पावसात सांडव्याखाली आणि नाल्यात चढणीचे मासे धरतात. त्यातील बहुतेक माद्या अंडीवाल्या असतात. अशी एक मादी धरली तर हजारो पिल्ले जन्मापूर्वीच नाहीशी होतात. मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करते. पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला, तर तेथे गळ किंवा जाळे टाकू नये. आईबाप धरले गेले तर पिल्ले इतर मासे खाऊन टाकतात.

सुरुंग, विष आणि विजेचा झटका देऊन मासे मारणे हा गुन्हा आहे. त्यात पिल्ले, खाद्यजीव सारेच मरतात आणि विजेमुळे माणसाचाही जीव जातो. आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर केंद्र शासनाने २००० सालीच बंदी घातली आहे. हा मासा पुराच्या पाण्याबरोबर नदीत शिरला, तर गावरान मासे फस्त करतो. बी घेताना खात्री करून घ्यावी.

तलावाच्या सांडव्यावर पाणी जात असताना मासेही वाहून जातात. तेथे पुरेशी मोठी जाळी बसवावी आणि रोज कचरा काढावा, नाहीतर पाणी तुंबून बांधाला धोका होतो.

काढणी आणि विक्री

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. जाळे पहाटे गारव्यात ओढावे, पण मासे तोंड उघडत असल्यास थांबावे. लहान मासे जाळ्यातून हाताने निवडून पाण्यातच सोडावेत. बाहेर ढिगात निवडलेले मासे परत सोडले तरी सहसा जगत नाहीत. विक्रीची मासळी स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत, कुटलेल्या बर्फात थरावर थर लावून भरावी. उन्हाच्या दिवसांत मासळीइतकाच बर्फ घ्यावा. मार्गशीर्षातील गुरुवार, चतुर्थी, एकादशी यांमुळे आपल्याकडे मागणी खाली-वर होते. म्हणून जाळे टाकण्यापूर्वी जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या व्यापाऱ्याशी दिवस व भाव ठरवावा. तलावातील जिवंत मासा खाद्य खाऊन वाढत असतो, तर विकला न गेलेला मासा घटकेघटकेला भाव गमावतो.

थोडक्यात महत्त्वाचे

• पाणी किती दिवस टिकेल ते मोजूनच मासे राखावेत.
• दिवाळीला फक्त मोठे मासे काढावेत आणि चौथाईची मर्यादा पाळावी. मात्र पाणी जानेवारीतच संपणार असेल तर काढणी लांबवू नये.
• जाळ्याची आस माशाचा घेर मोजून ठरवावी.
• जाळ्यामागे मिळणारी मासळी निम्म्यावर आली तर तलावाला विश्रांती द्यावी.
• गावरान मासे पावसाळ्यात धरू नयेत.
• तळ्याजवळ फवारणीचा पंप धुऊ नये.

२०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे. तलावाकडेही शेतासारखेच पाहावे. कणसात दाणा भरण्यापूर्वी आपण ज्वारी कापत नाही आणि पेरणीसाठी राखलेले बी दळायला देत नाही. तोच विचार पाण्यातील पिकालाही लागू पडतो. अधिक माहितीसाठी सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांचे जिल्हा कार्यालय किंवा खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. आपल्या गावातील संस्थेची सभा कोजागरीपूर्वी बोलवावी आणि या वर्षीची मर्यादा जाळे पाण्यात पडण्याआधीच ठरवून घ्यावी.